बोट पळाली की खोली गायब! (गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमधला फिश फाइंडरचा घोळ)

डोंगेवाला | रविवार, सकाळी ७:४०

राम राम मंडळी. मी पवनी तालुक्यातला. प्रश्न एका छोट्या मशीनचा आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय समजणार नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

आमच्या मच्छीमार संस्थेकडे अठरा फुटी फायबरची बोट आहे, मागं तीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. तिचं काम एकच. पहाटे बॅकवॉटरमध्ये फिरून डोंग्यांवरची मासळी गोळा करायची आणि बर्फ विरघळायच्या आत धक्क्यावर आणून टाकायची. म्हणून बोट पळवावी लागते. हौस नाही.

अडचण खालच्या झाडांची. धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, पाणी भरलं ते बऱ्याच वर्षांनी. बुडीत क्षेत्रातली झाडं काही तुटली, काही तशीच उभी राहिली. पाण्यात पूर्ण बुडालेलं लाकूड लवकर सडत नाही. दिवाळीत ज्या खुंटावर दोन पुरुष पाणी असते, तोच खुंट एप्रिलमध्ये पाण्याच्या वीतभरच खाली येऊन बसते. मागच्या उन्हाळ्यात पंख्याचं एक पातं असंच गेलं. मग आमच्या संस्थेच्या मोटरबोटीला एका डोंग्यानं ओढत आणलं. धक्क्यावर सारे उभे होते, कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून संस्थेनं पाच इंची फिश फाइंडर घेतला, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खाली किती खोल आहे अन् काय आहे ते पडद्यावर दाखवणारी मशीन. बसवला आमच्याच पोरांनी. बोट उभी असली की आरशासारखं दिसते. १२ किलोमीटरच्या वेगापर्यंत ठीक. १५ च्या वर गेलो की खोलीचा आकडा फडफडायला लागते. २० च्या वर तर पडद्यावर नुसत्या मुंग्या, नाहीतर दहा मीटर पाण्यात ०.७ दाखवते, नाहीतर जुनाच आकडा लुकलुकत बसते. दुकानदार म्हणते, "भाऊ, ही हळू बोटीची मशीन आहे. वेगात आवाज मागं राहून जाते. मोठी घ्या." मोठीची किंमत तिप्पट. अध्यक्ष आता माझ्याकडे पाहून राहिले.

खरंच मोठीच घ्यावी लागते का?

खेकडा | रविवार, सकाळी ९:०५

दुकानदाराचं पटतंय की. आवाज खाली जाऊन परत येईपर्यंत बोट पुढे गेलेली असणार. जास्त ताकदीची मशीन हाच उपाय.

तांडेल | रविवार, सकाळी ११:२०

खेकडाराव, अंदाजाने बोलण्यापेक्षा गणित करू. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. १२ मीटर पाण्यात खाली-वर मिळून २४ मीटरचा प्रवास, म्हणजे एका सेकंदाचा साठावा भाग. ताशी २२ किलोमीटरने पळणारी बोट तेवढ्यात सरकते दहा सेंटीमीटर. वीतभरसुद्धा नाही. आणि आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो; २० अंशांच्या शंकूने १२ मीटरवर तळाचं चार मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. त्यात दहा सेंटीमीटर काय विचारता?

तेव्हा आवाज मागे राहत नाही. त्याला वाट मिळत नाही. ट्रान्सड्यूसरच्या (बोटीच्या मागे बसवलेला, आवाज सोडणारा-ऐकणारा तो ठोकळा) तोंडावरून फेसाळ पाणी जातं आणि आवाजाच्या दृष्टीने हवेचा पातळ पापुद्राही भिंतच. आवाज तिथेच आपटून परततो. तुमचा ०.७ चा आकडा म्हणजे तोच बुडबुड्यांचा थर असणार. मोठ्या मशीनने त्याच भिंतीवर जास्त जोरात डोकं आपटाल, एवढंच.

मी रत्नागिरीकडचा, ट्रॉलरवरची ही उपकरणं बसवण्यात-उतरवण्यात पंचवीस वर्षं गेली. दहा तक्रारींत आठ वेळा मशीन निर्दोष असते, ठोकळा चुकीच्या जागी असतो. (अवांतर: फुरुनो बंधूंनी जपानमध्ये १९४८ साली पहिला व्यवहारात वापरता येईल असा फिश फाइंडर बाजारात आणला. तेव्हापासून हा बुडबुडा आमच्या धंद्याच्या मागे लागला आहे.)

आधी सांगा: ठोकळा बोटीच्या कुठल्या बाजूला आहे, पंख्यापासून किती लांब, आणि बुडाच्या किती खाली? फोटो असेल तर उत्तम.

ओहम | रविवार, दुपारी १:१५

नागपूरहून. तांडेल म्हणतात ते बरोबर असावं, पण विजेचा गोंगाट आधी वगळून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. बोट खोल पाण्यात उभी करा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन थोडा वेळ वाढवून पाहा. उभ्या बोटीत, नुसतं इंजिन वाढवल्यावर मुंग्या आल्या तर दोष वायरिंगचा. आल्या नाहीत तर बुडबुड्यांचा.

वायरिंगचं निघालं तर: मशीनला थेट बॅटरीवरून वेगळी वायर द्या, फ्यूजसकट. इंजिनाच्या वायरिंगमधून फाटा काढू नका. ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या वायरींबरोबर एकाच जुडीत बांधू नका. आणि केबल लांब होते म्हणून कापली असेल तर आत्ताच कबूल करा.

डोंगेवाला | रविवार, रात्री ८:५०

केबल कापली नाही जी. पण उरलेली सात-आठ हात केबल गुंडाळून इंजिनाच्या वायरींनाच बांधली होती. ती सोडून दुसऱ्या बाजूनं नेली. मग ओहम भाऊंनी सांगितलं तसं केलं. न्यूट्रलमध्ये इंजिन वाढवलं तरी चित्र स्वच्छ. म्हणजे वीज नाही.

तांडेल काका, ठोकळा डाव्या बाजूला आहे. पंख्यापासून एक वीत असेल. बुडाच्या खाली किती ते मोजलं नाही, पण फोटो पाहिला तर बुडाच्या रेषेच्या थोडा वरच दिसून राहिला. पोरांनी म्हटलं खाली ठेवला तर दगडाला लागेल.

तांडेल | रविवार, रात्री ९:३०

एका फोटोत तीन गुन्हे.

एक, बाजू. तुमचा पंखा, बहुतेक सगळे फिरतात तसा, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणजे उजवीकडे पाती खाली उतरतात आणि डावीकडे वर चढतात. वर चढणारी पाती फेस वर आणतात. एकाच इंजिनाच्या बोटीला ठोकळा उजव्या बाजूलाच हवा.

दोन, अंतर. वीतभर अंतर म्हणजे पंख्याच्या मांडीवरच बसवला की. दीड-दोन वीत तरी सोडा, निदान ३८ सेंटीमीटर. फार कडेलाही नेऊ नका, वळताना ती बाजू पाण्याबाहेर येते.

तीन, उंची. वर असेल तर ठोकळ्याच्या तोंडाला पाणी चिकटतच नाही, बुडाच्या कडेला तुटलेला फेस तेवढा मिळतो. फायबरच्या बोटीत तोंड बुडाच्या तीन मिलिमीटर खाली, ॲल्युमिनियमच्या बोटीत नऊ-दहा मिलिमीटर. पोरांना सांगा, दगडाला लागला तर ब्रॅकेट मागे उडावं म्हणूनच त्याला बिजागरी दिलेली असते. आणि ती बिजागरी सैल तर नाही ना, हेही बघा. सैल असली तर पाण्याच्या दाबानेच ठोकळा मागे उडतो, आणि माणूस महिनाभर सेटिंग बदलत बसतो. मी स्वतः बसलो आहे.

फोटोत चौथाही एक संशयित दिसतोय. ठोकळ्याच्या बरोबर पुढे बुडाला ती उभार पट्टी आहे ना? तिच्यामागे पाणी कधीच स्वच्छ नसतं.

मोर्शीकर | रविवार, रात्री १०:१०

भाऊ, मी हे सारं करून बसलो हाय. आमच्या सिंभोऱ्याच्या धरणात, अप्पर वर्धात, माही बोट चालते. मी त वैतागून ठोकळा मागून काढला अन् आतून बुडालेच चिकटवला, इपॉक्सीनं. फायबरमधून आवाज आरपार जाते. ना बुडबुडा, ना दगडाची भीती. ३० च्या वेगातबी आकडा ठाम.

पण आधी नाण्यानं ठोकून पाय. बूड भरीव फायबरचं पायजे. मधात फोम नाईतर लाकूड असन त काईच दिसत नाई. अन् चिकटवायच्या आधी प्लॅस्टिकच्या थैलीत पानी भर, ठोकळा त्या थैलीत ठेव अन् थैली बुडावर ठेवून पाय. चित्र आलं तवाच चिकटव. इपॉक्सीत हवेचा फुगा राह्यला त झालं, पुन्हा तेच रामायन. पान्याचं तापमान मातर मंग दिसत नाई, ते बुडाचंच दाखवते.

डोंगेवाला | सोमवार, सकाळी ६:१५

मोर्शीकर भाऊ, तुमचा उपाय आवडला होता. पण आमच्या बोटीत फळ्यांच्या खाली तरंगण्यासाठी फोम भरून सील केलं आहे. बुडाला हातच लागत नाही.

पाणकोंबडी | सोमवार, सकाळी १०:४०

दादा, जागा बदलायच्या आधी ठोकळ्याचं तोंड पाहिलंत का? मी गोंदियाकडच्या तलावांवर सर्वेक्षणाच्या बोटीत असते. पंधरा दिवस पाण्यात राहिला की त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो आणि त्या थरात बारीक बुडबुडे अडकून राहतात. तुमच्याकडे तर नाग नदीतलं नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, थर आणखी लवकर बसत असेल.

मऊ फडकं आणि भांड्यांचा साबण, बस. तारेचा ब्रश नाही, पेट्रोल-थिनर तर अजिबात नाही. साबणाचा हात फिरवला की तोंडाला पाणी धरतं, हा वेगळा फायदा.

डोंगेवाला | मंगळवार, रात्री ८:०५

ताई, तुमचंच आधी केलं, कारण त्याला खर्च नव्हता. अंगठ्यानं खरवडलं तर हिरवट साय निघाली, दुधावरची निघते तशी. धुतल्यावर १५ ची हद्द १८ वर गेली. एवढ्यानंच पोरं खूश झाली.

आता जागा बदलायची. पण बोटीच्या मागच्या फळीत पुन्हा नवीन भोकं पाडायला जीव होत नाही. पहिलीच चार आहेत.

तांडेल | मंगळवार, रात्री ९:००

भोकं बोटीला पाडायचीच नाहीत, पाटाला पाडायची. भाजी चिरायचा जाड पांढरा प्लॅस्टिकचा पाट मिळतो ना, तो आणा. मागच्या फळीवर उजवीकडे तो दोन-तीन स्क्रूंनी एकदाच कायमचा बसवा. स्क्रूच्या भोकांत पॉलियुरेथेनचं सीलंट भरा, खिडकीचं साधं सिलिकॉन नको. नुसत्या गोंदाच्या भरवशावर राहू नका, त्या प्लॅस्टिकला काहीही नीट चिकटत नाही. मग ठोकळा पाटावर हवा तितक्या वेळा वर-खाली करा. जुनी चार भोकंही त्याच सीलंटने बुजवा, तिथून फळीत पाणी मुरतं.

पाट बसवायच्या आधी मात्र एक फेरी मारा. एकाने बोट चालवायची, किल स्विचची (माणूस पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला बांधून. दुसऱ्याने लाइफ जॅकेट घालून मागे बसायचं आणि फळीच्या खालून पाणी कसं सुटतंय ते नुसतं बघायचं. काही ठिकाणी पांढरं फेसाळ सुटेल, काही ठिकाणी काचेसारखं. काचेसारखं दिसेल त्याच्या वर खडूने खूण करा. जागा बोटच दाखवते, पुस्तक नाही.

खेकडा | मंगळवार, रात्री ९:२५

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. पण सेटिंगचा काहीच हात नसतो का?

ओहम | मंगळवार, रात्री ११:००

असतो, पण जागा बरोबर असेल तर. दोन फ्रिक्वेन्सींची मशीन असेल तर वेगात २०० किलोहर्ट्झ ठेवा. ८३ चा शंकू रुंद असतो, तो थांबून मासे शोधायला बरा. रेंज, म्हणजे किती खोलीपर्यंत पडद्यावर दाखवायचं ते, ऑटोवर असेल तर वेगात मशीन तळ शोधत भिरभिरते. धरणाच्या त्या भागात १५ मीटरच्या वर पाणीच नसेल तर रेंज हाताने ०–२० करून टाका. संवेदनशीलता फार वाढवली की तळाची दुसरी सावली येते आणि कधी कधी मशीन तीच खरी मानून दुप्पट खोली सांगते. आठच्या जागी सोळा दिसले तर घाबरू नका, एक पायरी कमी करा.

पाणकोंबडी | बुधवार, सकाळी ११:३०

एक विचारू का दादा? हे सगळं जमलं, ताशी २५ ला आकडा स्वच्छ आला, तरी खुंट चुकणार कसा? साउंडर, म्हणजे हीच मशीन, सरळ खाली बघतो, पुढे नाही. त्याला खुंट दिसतो तेव्हा तो बोटीखाली आलेला असतो. आणि पाणी जितकं उथळ तितका शंकू लहान. १२ मीटरवर चार मीटरचं वर्तुळ, पण एक मीटरवर जेमतेम दीड वीत. नेमकं जिथे पंखा तुटतो तिथेच त्याला सर्वांत कमी दिसतं.

आमच्या बोटीत जीपीएसवाला साउंडर आहे. आम्ही पाणी पूर्ण भरलेलं असताना, हळू, आडव्या-उभ्या फेऱ्या मारतो आणि खुंट दिसला की तिथे खूण टाकतो. उन्हाळ्यात मग खुणा बघून चालायचं. वेगातली खोली कामाची आहे ती एवढ्यासाठी, की जुन्या नदीच्या पात्रातच आहोत ना हे कळावं. पात्रात झाड नसतं.

तांडेल | बुधवार, दुपारी १२:१०

ताईंनी मर्मावर बोट ठेवलं. मी जागेच्या नादात हे सांगायचंच विसरलो. समुद्रात आमच्याकडे खाली झाडं नसतात, म्हणून सुचलं नाही.

मोर्शीकर | बुधवार, दुपारी १:४५

सोळा आने खरं. मी त नदीच्या पात्राच्या बाहेर उन्हाळ्यात १० च्या वर जातच नाई. मशीन असो की नसो.

डोंगेवाला | रविवार, रात्री ९:१५

उशीर झाला, माफी. सांगण्यासारखं बरंच आहे.

बुधवारी फेरी मारली. मी मागं बसलो, पोरगं चालवत होतं. तांडेल काका म्हणाले ते डोळ्यांनी पाहिलं. पट्टीच्या मागं पाणी साबणाच्या फेसासारखं. पट्टीपासून चार बोटं सरकलं की एकदम नितळ, फळीखालून काचेची पट्टी सुटावी तसं. उजवीकडे अशी जागा पंख्यापासून ४१ सेंटीमीटरवर सापडली. खूण केली.

पाट घरून आणला. बायकोला सांगितलं नाही. तिला शुक्रवारी कळलं. नवीन पाट घेऊन देणं आहे.

पहिल्या बसवणीत तोंड बुडाच्या सहा मिलिमीटर खाली राहिलं. वेगात ठोकळ्यामागं हातभर उंच फवारा उडायला लागला, मोर नाचावा तसा. तीन मिलिमीटर वर घेतला, फवारा बसला. बिजागरीही सैल होती, तिचा नट आवळला. मग मागची कड पुढच्यापेक्षा किंचित खाली केली, तेव्हा कुठं जमलं. एकूण पाच वेळा स्क्रू काढले-लावले. पाट नसता तर फळीची चाळणी झाली असती.

आता सरळ जाताना २४ पर्यंत आकडा ठाम. २६ ला मधूनमधून तुटते. डावीकडे जोरात वळलो की जाते, कारण बोट डावीकडे कलते आणि उजवी बाजू उचलते. सरळ झालो की दोन सेकंदांत परत. आणखी एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती: रिकामी बोट नाक वर करून पळते तेव्हा आकडा २० लाच तुटते. बर्फाची पेटी पुढं सरकवली की २४. आता जाताना पेटी पुढंच ठेवतो.

अध्यक्षांनी मोठ्या मशीनचा विषय काढला नाही. दुकानदाराला मीही काही सांगितलं नाही.

ताईंचं म्हणणं रात्रभर डोक्यात राहिलं. आमच्याही मशीनमध्ये जीपीएस आहे, आम्ही त्यात फक्त वेग पाहात होतो. शुक्रवार-शनिवार, पाणी अजून वर आहे तोवर, ५ च्या वेगानं फेऱ्या मारल्या. सोबत बाबांना घेतलं. ७४ वर्षांचे आहेत, जन्मभर डोंगा चालवला. मशीनवर त्यांचा विश्वास नाही. पण झाला प्रकार असा, की मशीननं खुंट दाखवायच्या आधी ते बांबू दाखवून म्हणायचे, "इथं पाटलाची आमराई होती, सांभाळून." आणि पडद्यावर ओळीनं उभ्या रेघा यायच्या. दोन दिवसांत ६३ खुणा टाकल्या. त्यातल्या चाळीसेक त्यांनी आधी सांगितलेल्या.

शनिवारी दुपारी आमच्या जुन्या गावावरून गेलो. तळ सपाट चालला होता, ६ मीटर, ६ मीटर, आणि मधेच एक उंचवटा आला. दोन्ही बाजूंनी सारखा उतार, वरून सपाट. मला वाटलं मातीचा बांध असेल. बाबा पडद्यावर वाकले. चष्मा काढून पुसला, परत लावला. म्हणाले, "हा आपला सडक. याच्यावरून तुला शाळेत सोडत होतो ना." मग म्हणाले, "पुन्हा घे."

आम्ही त्या सडकेवरून चार वेळा गेलो. एका टोकाला घर असायला पाहिजे होतं, तिथं काही दिसलं नाही. भिंती मातीच्या होत्या.

तांडेल काका, एक प्रश्न राहिला. २४ पर्यंत बाकी सगळीकडे तपासलं, फक्त या एका जागेवर वेगात आकडा कसा येते ते सांगू शकत नाही. तिथं आलो की पोरगं आपोआपच इंजिन कमी करते.